कोरड्या उन्हात वायपर

वळायचं म्हटलं की वायपर सुरू होतात.
मार्चचं ऊन, काच कोरडी खडखडीत,
आणि नळ स्टॉपच्या सिग्नलला माझी गाडी
नाही, नाही म्हणत मान हलवते आहे.
शेजारी स्कूटरवर एक मुलगी, स्कार्फमधून फक्त डोळे दिसणारी,
तेवढ्यानंच हसते.
इंडिकेटर इकडे उजव्या हाताला असतो.
अठरा वर्षं तो डावीकडे होता.

उजवा हात गिअर शोधायला जातो
आणि दारावर आपटतो.
पेरांवर निळसर डाग पडलाय.
अण्णा म्हणतात, हळद लाव.

इथून गेले तेव्हा मला फक्त लूना येत होती.
गाडी शिकले हॅनोव्हरला, बर्फात,
फ्राऊ ब्रेमर नावाच्या बाईंच्या हाताखाली.
आरसा खोटं बोलत नाही, त्या सांगायच्या, थोडं कमी सांगतो;
म्हणून वळण्याआधी खांद्यावरून मागे बघ.
कर्वे रस्त्यावर मी खांद्यावरून मागे बघते
तोवर समोरून, उलट्या बाजूनं,
कॅन लटकावलेला दूधवाला येतो
आणि माझ्याकडेच रागानं बघत जातो.

म्हात्रे पुलाच्या अलीकडे शिट्टी वाजली.
झाडाआडून हवालदार ढमढेरे.
कार्ड त्यांनी उन्हाकडे धरलं,
पाचशेची नोट खरी आहे का बघतात तसं.
यूवर ही दोन टिंबं कसली?
म्हटलं, त्यांच्यात असतात.
फोटोत कोण?
मीच.
त्यांनी फोटो पाहिला, मला पाहिलं,
आणि सभ्यपणे गप्प राहिले.
चालतं का हे इथं?
चालतं, सोबत हा परवाना असला तर. वर्षभर.
वर्ष कधी संपतंय?
मी तारीख सांगितली.
त्यांनी ती नुसती ऐकली,
मी मात्र ती पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारली होती.
मग परत जाणार, का इकडचं काढणार?
मागे हॉर्नवर हॉर्न,
अख्खा रस्ता उत्तरासाठी खोळंबल्यासारखा.
बघू, म्हटलं.
बघू म्हणणारे सगळे इथंच राहतात मॅडम, ते म्हणाले.
निघा. आणि ते वायपर बंद करा.

खरं तर काय व्हायचं ते पहिल्याच दिवशी झालं होतं,
सोसायटीच्या पार्किंगमध्ये.
गाडीवरचं कव्हर काढलं, धूळ झटकली,
आणि मी सवयीनं डावीकडचं दार उघडून बसले.
समोर स्टिअरिंग नाही.
नुसता चिकटवलेला गणपती, अन् त्याच्यापुढे
आईनं कधीतरी ठेवलेलं, आता वेलचीएवढं झालेलं फूल.
अण्णा त्यांच्या सवयीनं उजवीकडे.
वय ब्याऐंशी. लायसन तीन वर्षांपूर्वी संपलेलं.
एका डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्यातला राहिलेला.
दोन्ही हात चाकावर, घट्ट.
दोघंही चुकीच्या जागी बसलो होतो
आणि कुणीच उठेना.
कुठे जायचं? त्यांनी विचारलं,
मी चौथीत असताना विचारायचे, त्याच आवाजात.
किल्ली माझ्या पर्समध्ये होती.
म्हटलं, डहाणूकरच्या चौकापर्यंत एक चक्कर मारू.
त्यांनी मधला आरसा नीट केला.
बराच वेळ त्यात बघत राहिले,
मागे तर नुसती पाण्याची टाकी होती.
वॉचमन येऊन विचारून गेला, बॅटरी उतरली का काका?

आता आरटीओची तारीख मिळालीय, मंगळवारची.
संगम पुलाशी उभा असलेला एजंट म्हणाला,
शिकाऊचं काढा, चाळीस दिवस 'एल' लावून फिरा, लाजायचं काय त्यात.
शेहेचाळिसाव्या वर्षी.
घरी आले तर अण्णा जमिनीवर कागद पसरून बसलेले,
शेजारी कात्री आणि लाल टेप.
'एल'ची उभी रेघ जमली आहे.
आडवी सरळ येत नाही
म्हणून ते ती तिसऱ्यांदा सोलून काढतायत.